विस्तव

माझा नवरा आणि शेजारची दोन्या हेर्मिंदा,
यांच्यातून अकरा वर्षं विस्तवही जात नाही.
कारण लिंबाची एक फांदी.
ती कुणाच्या भिंतीवर झुकली, करवत कुणी आणली
आणि कुणाच्या आईचा उद्धार झाला,
सबंध टेकडीला पाठ आहे.

वाल्पाराइसोला आलेला पाहुणा समुद्र बघतो.
आम्ही पायऱ्या मोजतो.
खालच्या रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत एकशे चौसष्ट,
त्यातल्या तीन तुटक्या,
एकीवर कायमचं कुत्रं.
गॅसची गाडी खालीच थांबते.
ड्रायव्हर सिलिंडरवर कांब बडवतो, टणटण, टणटण,
आणि वर म्हाताऱ्या खिडकीत येऊन
आपल्याच गुडघ्यांकडे बघतात.

नोल्बेर्तो बंदरात वजनकाट्यावर पावत्या फाडतो.
वाण्याने सुटे कमी दिले तरी बोलत नाही.
अशा माणसाने एका शनिवारी
किनाऱ्यावरची मोडकी छत्री घरी आणली,
नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची,
आणि म्हणाला, यातून मला एक झूल शिवून दे.
झूल बैलावर घालतात, मी म्हणाले.
तो म्हणाला, मग बरोबर आहे.

मुखवटा पोहण्याच्या टोपीचा.
छातीवर ऑक्टोपस हवा होता,
माझ्या हातून आठ बोटांचा पंजा झाला.
पोरं आधी हसली, मग मागे धावली,
मग नाव ठेवून मोकळी झाली: कॅप्टन पायरी.

चौऱ्याण्णवाव्या पायरीवर कॅप्टन खोकतो.
त्या खोकल्यावरून अख्खी टेकडी त्याला ओळखते
आणि अख्खी टेकडी ओळख देत नाही.

"कुठे ठेवू, सेन्योरा?" तो आवाज जाड करतो.
"ओट्याखाली, कॅप्टन. देव तुमचं भलं करो.
इथे शेजारी एक नालायक राहतो,
त्याला जरा समज द्या."
"देईन," कॅप्टन म्हणतो.
रविवारी सकाळी तीच बाई
नोल्बेर्तोच्या तोंडावर खिडकी आपटते.
ज्यांच्यातून विस्तव जात नाही
त्यांच्यात दर महिन्याला
पंधरा किलो विस्तव जातो.

मी एकदा विचारलं,
साध्या शर्टात का नाही जात?
मोजे काढता काढता म्हणाला,
शेजाऱ्याचे उपकार फेडावे लागतात गं.
छत्रीचे कोण फेडतं?

जूनमध्ये, पायऱ्या ओल्या असताना, तो पडला.
सिलिंडर गडगडत एकोणीस पायऱ्या खाली गेला,
आणि ते कुत्रं
माझ्या माहितीत पहिल्यांदाच उठलं.
गुडघा सुजून भोपळा. झूल उभी फाटलेली.
मी ती धुऊन मधल्या भिंतीवर वाळत टाकली.
सकाळी पाहते तर नाही.
वाऱ्याला चार शिव्या दिल्या, विषय संपला.

तिसऱ्या दिवशी ती भिंतीवर होती,
घडी घातलेली.
फाटल्या जागी हिरव्या किटल्यांचा पडदा,
टाका इतका बारीक की मला राग आला.
पंज्याला दोन शर्टाची बटणं लावलेली,
त्यामुळे आता तो ऑक्टोपस दिसत होता.
आणि एक खिसा. मी कधी ठेवला नव्हता.
खिशात खोकल्याच्या गोळ्या.

नोल्बेर्तोने त्या हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या.
एक तोंडात टाकली. काही बोलला नाही.
रविवारी खिडकी आपटायची ती आपटलीच.

पुढच्या शनिवारी खाली टणटण झाली.
त्याचा पाय खुर्चीवर, तोंड भिंतीकडे.
मी झूल अंगावर घेतली,
पायात येत होती, ती कमरेला खोचली.
एकशे चौसष्ट पायऱ्यांत सात वेळा बसले.
कुत्र्याने सरकून जागा दिली.

"कुठे ठेवू, सेन्योरा?"
आवाज जमेल तेवढा जाड.

ती कांदा चिरत होती.
"ओट्याखाली, कॅप्टन," म्हणाली,
आणि मग मान न वळवता,
"आज खोकला बरा दिसतोय."