रांजणवाडी

तिसऱ्या दिवशी सकाळी
केतकीचा उजवा डोळा उघडलाच नाही.
वरच्या पापणीच्या कडेला
तुरीच्या दाण्याएवढं, लाल, ठणकणारं काहीतरी,
आणि गाडी दारात उभी,
मांडूला साडेसहाला निघायचं होतं.

उज्ज्वलाताईच्या पुऱ्या बांधून झालेल्या.
निषाद विचारतोय, मांडूला वायफाय असतं का.
भाओजींनी चष्मा कपाळावर सारून निदान केलं,
"रांजणवाडी."
"ती कुठली वाडी?" रेवा म्हणाली,
"आपण तिथे पण जाणार?"

कॅलगरीत जन्मलेली मुलं.
त्यांच्यासाठी हा परदेश,
आणि मागच्या मार्चपासून, पासपोर्टाच्या हिशेबाने,
माझ्यासाठीही.

मुलं गेली ताईबरोबर.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीतून गेली
आणि मग टिळकनगर इतकं शांत झालं
की केतकी पलंगावरून म्हणाली,
"गेले सगळे?"

प्रवासी विमा घेतला होता, म्हणून फोन लावला.
चाळीस मिनिटं पियानो.
मग एका बाईने विचारलं, जिवाला धोका आहे का?
"हो म्हण," केतकी म्हणाली, "बघू काय देतात."

तोवर उपाय येऊन पोचले होते.
पाठकवहिनी लवंग उगाळून वाटी घेऊन दारात,
किराणावाला कोपऱ्यावरून ओरडून,
"भिया, चाय पत्ती की पोटली बाँध दो, बैठ जाएगी."
केतकीने सगळ्यांना एकाच डोळ्याने धन्यवाद दिले.

डॉक्टर छाजेडांच्या दवाखान्यात फॉर्म भरला.
पत्ता : हात आपोआप लिहून गेला, रामबाग,
तिसरा मजला, जिन्याजवळचा.
तो फ्लॅट आम्ही विकला त्याला नऊ वर्षं झाली.
कंपाउंडर फॉर्म वाचत म्हणाला,
"रामबागचे, मग फोन नंबर प्लस वनने कसा सुरू होतोय?"
मी खोडलं. पुन्हा लिहायला गेलो,
पेन थांबलं.
केतकीने फॉर्म ओढून घेतला,
गॉगल नाकावर घसरलेला,
वाकड्या ओळीत लिहिलं : द्वारा उज्ज्वला.
एवढंच. द्वारा.
मलम चौसष्ट रुपये.
विम्याला सांगण्यासारखं काहीच निघालं नाही.

दिवसातून चार वेळा शेक.
मी तवा ठेवायचो, रुमालाची घडी त्यावर,
आधी माझ्याच पापणीला लावून बघायचो,
मग तिच्या.
खोलीत पडदे ओढलेले, पंख्याची एक पाती किंचित वाकडी,
दर फेरीला तीच कुरकुर.
बारा वर्षांत आम्ही दोघं
दुपारी दोन वाजता
काही न करता कधी बसलो होतो, आठवेना.

"डाव्या डोळ्याने तू बारीक दिसतोस," ती म्हणाली.
थोड्या वेळाने म्हणाली,
"तीन दिवस तुझ्या माणसांकडे बघून हसतेय.
गाल दुखून आले होते.
चांगली आहेत रे माणसं.
पण ही गाठ आली ते बरं झालं."
रुमाल गार झाला होता.
मी तो काढला नाही.
तिनेही म्हटलं नाही, काढ म्हणून.

संध्याकाळी मुलं आली, उन्हाने रापलेली,
खिशातून मांडूची चिंच, पांढरी, पिठूळ,
आणि एक जहाजासारखा महाल
जो पाण्यावर चालतच नाही, अशी तक्रार.
"तुम्ही कुठे गेलात?" निषादने विचारलं.
"रांजणवाडीला," केतकी म्हणाली.
"कशी होती?"
"लहान. पण पोचायला वेळ लागला."

रविवारी गाठ बसली.
दुपारी दोनला ताई म्हणाली, तवा कशाला ठेवलास?
मलाही कळेना.
रुमाल तर घडी करून हातात तयार.
केतकी स्वयंपाकघराच्या दारात आली,
दोन्ही डोळे उघडे, काजळसुद्धा घातलेलं,
रुमालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि आत जाऊन आडवी झाली.
"आण," म्हणाली,
"तापलाच आहे तर."