हनुवटीखालचं काळं

हॉर्डनच्या उतारावर, समुद्राकडे पाठ केलेल्या रांगेतलं
सातवं घर. मिसेस थर्लवेल. वय एक्याण्णव.
"बसते," म्हणाल्या, "पण चहा निवायच्या आत आटप."
चार मंगळवार लागले.

माझ्या वडलांची वखार होती कऱ्हाडात.
तागडी, ओली पोती,
आणि गिऱ्हाइकांची बारमाही तक्रार:
तळाला चुरा फार निघतो.
कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण
आमच्या घरात कोणी उच्चारायचं नाही.
आता तोच चुरा मी बोटाने कागदावर घासते.
विलोच्या कांड्या, डबीत बारा.
दादांनी भाव ऐकला असता
तर तागडी खाली ठेवून नुसते बघत बसले असते.

मी बाईंना सांगितलं, आमच्या भाषेत
तुमच्या नवऱ्याने खणला तो
आणि माझ्या हातातला हा,
दोन्ही कोळसाच.
"मग तुमच्या भाषेत," त्या म्हणाल्या,
"धुणं कधी कोणी धुतलेलं दिसत नाही."

कपाळ पहिल्याच दिवशी जमलं.
डोळ्यांशी अडले. डावा ऑपरेशन झालेला,
उजवा अजून धुक्यात, आणि दोन्ही बोलत होते:

"राल्फ पाळीवरून यायचा. शेगडीपुढे टब.
हात, मान, कानामागचं, सगळं मी घासायचे.
पाठ नाही.
पाठ धुतली की मणक्यातला जोर जातो,
असं सगळेच म्हणायचे.
सत्तावीस वर्षं काळ्या पाठीशेजारी झोपले मी.
शेवटी तो गेला तेव्हा मीच धुतली.
गोरी निघाली.
मला ओळखू येईना."

मी कांडी खाली ठेवली.
त्यांनी मान वळवू दिली नाही. "काढ, काढ."

चौथ्या मंगळवारी चित्र बघून म्हणाल्या,
"हनुवटीखाली काळं फार झालंय."
सावली आहे ती, मी म्हटलं,
ती नसेल तर चेहरा उचलणार नाही.
"असेल. पूस."
माझं खोडरबर बसमध्ये राहिलं होतं.
त्यांनी आपल्या बशीतल्या पावाचा मऊ गर काढला,
गोळी वळली, माझ्या तळहातावर ठेवली.
मी टिपत गेले. पाव काळा होत गेला.
"संपाच्या वर्षी तर हेसुद्धा..." म्हणाल्या
आणि ते वाक्य तिथेच सोडून
गोळी खिडकीतून सीगलला टाकली.
त्याने घेतली.

कागद पांढरा झाला नाही.
करडा राहिला,
अंगणातल्या दोरीवरच्या चादरींसारखा,
खाण चालू असतानाच्या.
"आता बरोबर," म्हणाल्या.

पक्कं करायला फवारा हवा होता.
कपाटातून त्यांनी स्वतःचा आणला, केसांचा,
झाकणावर धूळ, आत लव्हेंडरचा वास.
"दे, मी मारते."
डबा हलवला, चित्रासमोर धरला,
आणि बटण दाबायच्या आधी
स्वतःचे डोळे
घट्ट मिटून घेतले.