लाटणं

प्रेस रे रोडच्या गाळ्यात, कुलपाआड.
चावी पर्समध्ये, पर्स खुंटीला,
मार्चपासून.

इथे कन्नमवार नगरात ओटा तीन फुटी.
जस्ताचा पत्रा नाही, ॲसिड नाही.
दुधाचा टेट्रापॅक उभा फाडला,
चंदेरी पोटावर दाभणाने ओरखडला
समोरच्या बिल्डिंगचा जिना
पालिकेने बांबू ठोकून बंद केलेला,
ज्यावरून परवा माळगावकरांना उतरवलं.
दोघं होते. पांढऱ्या पोशाखात. चेहरे नाहीत.

शाई बोटाने चोळली,
शशांकच्या जुन्या गंजीने पुसली,
ओला कागद वर, आणि लाटणं.
हलका हात, तर काहीच उमटत नाही.
जोर लावला, तर कागद फाटतो.
पोळीपेक्षा हट्टी काम.

छापात जिना उलटा आला, येतोच.
डावीकडून चढणारा उजवीकडून.

एका रात्री लाटणं धुवायचं राहिलं.
पोळीवर उतरल्या पाच पायऱ्या, पुसट,
दोनदा उलटून आता सुलट.
शशांक घास तसाच धरून बघत राहिला.
"ही कितवी प्रत?"

खाऊ नकोस, म्हटलं,
शाईत रॉकेल आहे.

तरी ती पोळी
अजून डब्याच्या झाकणावर वाळते आहे.