येतो का वास?

वडगादीच्या दुकानात, मागच्या खोलीत
बारा वर्षं मी कागदाच्या पट्ट्या हुंगते आहे.
हे पाण्यासारखं दिसतं, पण पाण्यात मिसळत नाही,
भांडून आलेल्या जावेसारखं वरवर राहतं.
बाटलीवर माझ्याच अक्षरात: आयसोअमिल ॲसिटेट.
गिऱ्हाईक म्हणतं, ताई, दोन किलो केळं द्या.

कुल्फीवाले नेतात. शाळेबाहेरच्या गोळ्यांचे कारखाने नेतात.
धारावीचा नेलपॉलिशवाला नेतो, उधारीवर.
खोकल्याचं औषध करणारे नेतात,
कडूवर साल पांघरायला.

झाकण पूर्ण उघडलं तर आत केळं नसतंच.
सरस, रंगाचा डबा, कपाळात खिळा.
केळं व्हायला त्याला कमी व्हावं लागतं,
हजारात एक, लाखात एक,
आहे की नाही असं वाटेपर्यंत.
तेव्हा कुठे ते पिकतं.

आणि मूळ कुळ उसाचं.
मळीची दारू निघाली की मागे एक तेल उरतं,
उग्र, कुणाला नको असलेलं.
त्याला व्हिनेगरचं आम्ल भेटवायचं, थोडी आच द्यायची.

पपांना हे सांगितलं तेव्हा ते खूप हसले.
आगाशीला त्यांची आई राजेळी सोलून
उन्हात मांडायची, कावळे राखायला पपा.
सुकेळी मधाच्या रंगाची होईपर्यंत
हलायचं नाही.
"आणि तू बाटलीला केळं म्हणतेस!"

पपा माहूलला टाक्यांवर होते.
वर्षातून एकदा मास्क तपासायचे:
तोंडावर रबर, डोक्यावर प्लास्टिकचा तंबू,
आत कापसाच्या बोळ्यावर आमच्याच दुकानातला माल.
म्हापणकर साहेब बाहेरून ओरडायचे,
इनास, येतो का वास?
आला तर मास्क गळका.
नाही आला तर सही.

पपा दरवर्षी म्हणायचे, नाही.

मधमाशी डंख मारते तेव्हा
बरोबर हाच वास सोडते म्हणे.
पोळ्याला कळतं, धोका इथे आहे.
माझ्या ओढणीला लागून तो रोज घरी यायचा.
मम्मी विचारायची, केळी आणलीस का गं?
पपांनी कधी विचारलं नाही.
मला वाटायचं, दमून येतात.

ते रिटायर झाले त्या वर्षी, एका रविवारी
मी पट्टी बुडवून त्यांच्या नाकाखाली धरली.
त्यांनी चष्मा लावला,
पट्टी उलटी केली, सुलटी केली.
"कोरीच आहे की ही. काय वाचायचंय?"

आता रात्री खोकतात.
औषधाला म्हणतात, नुसतं कडू.

माहूलची ऑर्डर अजून येते, जूनमध्ये,
शंभर मिली, चलन तीन प्रतींत.
मीच भरते.
झाकण लावण्याआधी एकदा हुंगते,
नियम नाही तसा.

येतो.