सत्त्याण्णव पूर्णांक एक

चौदा नंबरची बशी कुणीही धुवू नये,
असं फ्रीजच्या दारावर लिहून ठेवलंय मी,
मराठीत, आणि खाली नागनाथमामांसाठी कन्नडमध्ये.
मागच्या मेमध्ये माझे चार महिने
त्यांनी कुकरला लावून, घासून, उन्हात पालथे घातले होते.
वर म्हणाले, बुरा आला होता, बाई.

नमुने असे आहेत:
अक्कलकोट रोडच्या रंगारखान्यामागचं गटार,
मंगळवारी जांभळं, शुक्रवारी हिरवं,
ज्या दिवशी जो टॉवेल.
नान्नजच्या माळावरची चिमूटभर माती
(वनखात्याचा परवाना सोबत जोडला आहे).
हिप्परग्याच्या तलावाची काठाची खपली, मीठ फुटलेली.
आणि विडी घरकुलातली
आईची पानं भिजवायची बादली.

ती मोजणीत नव्हती.
एक बाटली रिकामी उरली म्हणून भरली.

मुजावर सर म्हणतात, ओळखणं म्हणजे आधी नाकारणं.
हा तो नव्हे. तोही नव्हे.
रंग दिला, धुतला, गुलाबी राहिला.
साखर दिली, ढुंकून पाहिलं नाही.
पेरॉक्साइडचा थेंब टाकला तेव्हा फेसाळला,
रागावल्यासारखा.
बेचाळीस अंशांत ठेवला तर उलट फोफावला.
सर हसले. म्हणाले, पत्ता तर कळला.

मग पुण्याहून त्याची अक्षरं आली,
चारच अक्षरं, दीड हजार वेळा.
जगातला सर्वांत जवळचा नातलग
कुठल्याशा थंड देशातल्या दलदलीत निघाला.
साम्य: सत्त्याण्णव पूर्णांक एक.
रेघ आहे अठ्ठ्याण्णव पूर्णांक सातवर.
मधल्या फटीत
एक अख्खी जात राहत होती,
माझ्या आईच्या हाताखाली,
रोज ढवळली जाऊन.

जाती, प्रजाती, कुल, गण, वर्ग, संघ, सृष्टी.
शाळेत हे घोकलं त्याच वर्षी
माझ्या जातीच्या दाखल्यासाठी अण्णा
तहसिलीच्या पायऱ्या झिजवत होते.
पन्नास वर्षांपूर्वीचा कागद आणा म्हणायचे.
आजोबा करीमनगरकडून आले तेव्हा
फणी आणली होती, धोटा आणला होता.
कागद कोण आणतं?

याच्याकडे जुना कागद मागत नाहीत.
म्हणतात, दोन देशांतल्या दोन पेढ्यांत
जिवंत ठेवून दाखवा,
मग बोलू.

नाव काय द्यायचं?
सरांच्या मनात गावाचं नाव आहे. सगळेच देतात.
मी म्हटलं, आईचं.
बाईच्या नावाला लॅटिनमध्ये वेगळं शेपूट लागतं, ते लावू.
पण कुठल्या नावाला लावू?
विडी कार्डावर ती अंबव्वा,
रेशनवर अंबूबाई,
बँकेत कुणा साहेबानं केलेली अंबिका.
एकाच बाईच्या तीन नोंदी.
सूक्ष्मदर्शकाखाली मी याच्या उलट पाहिलंय,
एका नावाखाली तिघं नांदणारे,
आणि कित्येक वर्षं कुणाला पत्ता नाही.

काल पेढीची मेल आली.
नळी पोचली. आतला जीव मेलेला होता. पुन्हा पाठवा.
इथे चौदा नंबरवर
अकराव्या दिवशी आलेला तो शेंदरी ठिपका
बारीक होत चाललाय.
सगळं खायला घालून झालं.
त्याला बहुतेक तीच बादली हवी आहे,
तंबाखूचा वास, नळाचं पाचव्या दिवशीचं पाणी,
कडेला चिकटलेला पानाचा देठ,
आणि माध्यमाच्या यादीत जे मांडता येत नाही ते.

संध्याकाळी घरी गेले.
आई सुपात हजाराचा हिशेब लावत बसलेली,
बोटं चालू, मान खाली.
माझ्या हातात बाटली दिसली तिला.
मळ्ळी नीळ्ळा? पुन्हा पाणी?
हो म्हटलं.
कशाला, ते तिनं मागच्या वेळीही विचारलं नव्हतं.
फक्त सूप बाजूला ठेवलं,
बादलीत कोपरापर्यंत हात घातला,
आणि म्हणाली, थांब, तळातलं देते,
वरचं आज सकाळचंच आहे.