सहज, सुगम

जुन्या शुक्रवारीत, झेरॉक्सच्या दुकानावर
लाकडी जिना चढलं की प्रज्वल ठवकरची खोली.
जुलैचा शेवटचा आठवडा. कूलरमध्ये पाणी नाही,
नुसताच इकडची उकड तिकडे करतो.

माझा पगार त्याने दोन मिनिटांत भरला.
हिंगण्याच्या कारखान्यात भांडारपाल, तेवीस वर्षं,
फॉर्म सोळा, कापलेला कर, झालं.
मग बँकेचं पान उलटता उलटता बोट थांबलं.
"काका, हे काय होय? पाचशे, पेटी.
बाराशे, पेटी. साडेतीनशे. पुन्हा पेटी.
काऊन, संत्री विकून राहिले का तुम्ही?"

मी म्हटलं, बाजाची पेटी बापा.
रविवारी सूर लावून देतो. भाता फाटला तर शिवतो.
पितळेची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो,
मुळाशी खरवडली की उतरतो,
एवढंच येतं मला.
तो हिशेब करत होता. पस्तीस हजार सहाशे पन्नास.

"मग ठरवा. इतर स्रोत लिहू, की धंदा?
इतर म्हणाल तर फॉर्म सहज.
धंदा म्हणाल तर सुगम."
मला वाटलं पोरगं मस्करी करून राहिलं.
त्याने पडदा माझ्याकडे वळवला.
खरंच तीच नावं. सरकारी, छापील.
मी आयुष्यभर सुगमवाल्यांच्याच पेट्या लावल्या.

"इतर लिहून टाका, काका. डोकेदुखी नाही.
धंद्यात कर कमी बसेल, पण दरवर्षी
हे भरा, ते भरा."

इतर.
गोळीबार चौकात आमचा माग होता.
खानेसुमारीवाला धंदा विचारायचा
तेव्हा बाबा बोलायचे नाहीत, धोटा फेकायचे.
खटक्. लिही.
माग भंगारात गेला त्या वर्षी
रेशनच्या कारकुनाने धंद्यापुढे लिहिलं: इतर.
त्यानंतर कार्ड घेऊन आईच जायची.

भजनाच्या पत्रिकेवर गायक, तबला, टाळ,
आणि शेवटी बारीक अक्षरात "आणि इतर".
त्यात मी असतो की नसतो
हे कधी कोणाला विचारलं नाही.

"काय ठरलं?"
मी म्हटलं, आधी सहा हजार अजून मिळव.
इंदोऱ्याच्या गजभियेंची पार्टी रोख देते,
भीमजयंतीच्या आधी चार पेट्या, पावती नाही.
प्रज्वलने मान वर केली.
"हे कोणी पाहून नाही राहिलं, काका."
बरोबर आहे त्याचं.
कोमल गंधार केसभर उतरलेला असला
तर मांडवात एकालाही कळत नाही,
टाळ्या पडतात.
मला घरी येऊन झोप लागत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही. मिळव, म्हटलं.
एक्केचाळीस हजार सहाशे पन्नास.

सोनेगावच्या मुलीचे पैसे घेतले नव्हते,
बाप वारल्यावर उंदरांनी भाता खाल्ला होता.
ते कुठे लिहायचं विचारणार होतो,
पण तिथे काही लिहायचंच नव्हतं.

"धंदा लिही," मी म्हणालो.
आवाज जरा जास्तच मोठा आला असावा,
खालचं झेरॉक्स मशीन थांबल्यासारखं वाटलं.

मग धंद्याचा सांकेतांक शोधणं आलं.
यादीत केशकर्तन होतं, मत्स्यपालन होतं,
लग्नमंडप, दातांचे डॉक्टर,
पेटी लावणारा नव्हता.
वर गेला, खाली आला, पुन्हा वर.
शेवटी सापडलं ते असं:
अन्यत्र न मोडणाऱ्या इतर सेवा.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.
आधी तो हसला.
मग मी असा हसलो की डोळ्यांत पाणी,
त्याने बाटली पुढे सरकवली.

"आता नाव. धंद्याचं नाव काय टाकू?"
पेटी.
"नुसतं पेटी? लोकांना संत्र्याचीच वाटंल, काका."

वाटू दे.