रकाना

दोन हिवाळे मी त्या नदीचं पाणी जोखलं.
दर पंधरा मिनिटांनी एक आकडा,
कातळाला ठोकलेल्या पट्टीवर काळ्या रेघा,
आणि पायांत वॉटरप्रूफ म्हणून विकले गेलेले बूट.

गाव पेंट्रेवर्न, वेल्स.
भिंती पाटीच्या दगडाच्या, छपरंही त्याचीच.
पावसाचा आणि छपरांचा रंग एक,
त्यामुळे गाव कुठं संपतं ते कळत नाही.
त्यांच्या भाषेत नाव आहे, कोकरांचा धबधबा.
पूर आला की फेस उड्या मारत येतो,
कुणीतरी फाटक उघडं टाकल्यासारखा.

योजना लहान होती. खरंच लहान.
वर गुडघाभर बांध, जमिनीखालून पाइप,
खाली गोठ्याएवढ्या खोलीत एक टर्बाइन.
सहाशे घरांना वीज. धूर नाही, राख नाही.
नऊशे मीटरपुरतं, शंभरातलं सत्तर पाणी,
खाली पुन्हा जसंच्या तसं परत.
उसनं म्हणा.

ऑक्टोबरपासून लोक मला पाण्यात पाहू लागले.
शब्दशः:
ते पुलावर, मी खाली कमरेएवढ्या प्रवाहात.
पोस्टातली बाई तिकिटं द्यायची, सुटे मोजून ठेवायची,
हवामानाबद्दल अवाक्षर नाही.
या देशात त्याचा अर्थ फार वाईट होतो.

सभा चॅपलच्या मागच्या खोलीत झाली.
नुसत्या तुषारांवर जगणाऱ्या नखाएवढ्या शेवाळाबद्दल बोलताना
एक तरुण रडवेला झाला.
इद्वल, ज्याच्या कुरणातून पाइप जाणार, भाडं मिळणार,
छताकडे बघत बसला,
आणि त्याचा भाऊ त्याच्याकडे.
कुणी म्हणालं, मागेही माणसं अशीच नकाशे घेऊन आली होती.
माझ्या मांडीवर नकाशे होते.

शेवटी मेरेरिदबाई उठल्या. ऐंशीच्या पुढच्या.
डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार.
म्हणाल्या, "तीस टक्के ऐकायला कसं लागतं?"

मी तक्ता चाळला.
खोली, वेग, तापमान, मासे.
आवाजाचा रकाना होता,
टर्बाइनच्या. डेसिबलमध्ये, तीस मीटरवरून.
पाण्याच्या नव्हता.

आणि शब्द तर माझ्याकडे होते.
झुळझुळ, खळखळ, धो धो, ठिबकणं, डुबुक.
नळाखालची कळशी किती भरली
ते आई आतून नुसतं ऐकून सांगायची.
सगळे तोंडात, आणि तोंड इंग्रजीत मिटलेलं.

जूनमध्ये अठरा दिवस पाऊस नव्हता.
पट्टीवर नेमका आमच्या अहवालातला आकडा आला.
मी त्यांचं दार वाजवलं.
माझा दंड धरून, दुसऱ्या हातात काठी,
तीनशे बारा पावलं. त्यांनी मोजली, मी नाही.

बाकावर बराच वेळ बसलो.
धारा कातळावरून बारीक उतरत होत्या,
पलीकडच्या खोलीत कुणी सुपात तांदूळ घोळवावेत तशा.

"वाईट नाही," त्या म्हणाल्या.
मी जवळजवळ खूश झालो.
"नवरा गेला त्या साली याहूनही कमी होतं.
पण खिडकी उघडी ठेवून निजायचे मी.
वर डोंगरात पडला की आधी हिच्याकडून कळायचं.
आता बारा महिने हे असंच. मग कळायचं कसं?"

मी म्हणालो, मोठा पाऊस तरीही ऐकू येईल,
टर्बाइनच्या क्षमतेबाहेरचं पाणी बांधावरून—
"आणि लहान?"

रकाना जोडायला साहेबांनी नकार दिला.
तळटीप घातली, पान एकशे चौदा.
अर्ज अजून कुठल्याशा टेबलावर आहे,
आणि वीज मलाही लागते,
हे लिहितोय तो दिवा काही वाऱ्यावर जळत नाही.

पट्टी काढायला गेलो.
दोन खिळे निघाले, दोन गंजून आतच राहिले.
परतताना पोस्टात शिरलो, तिकिटं नको असताना.
बाईनं काचेतून डोंगराकडे पाहिलं.
"आज भुरभुर येईल बहुतेक," म्हणाली.